मस्कतची कॅसेट

नवरा मस्कतला गेला तेव्हा मैनाला दिवस गेले होते. बाळाचा आवाज ऐकायला त्याने टेपरेकॉर्डर पाठवला, तर बाळ त्याच्यासमोर हूं की चूं करीना. शेवटी तिने झोपेतला श्वासच कॅसेटमध्ये भरून धाडला. बाळाची छाती बारीक सूंसूं वाजत होती. “सर्दीच ती गो,” सासू म्हणाली आणि न्हाऊ घातल्यावर शेगडीत ओवा, लसणीच्या साली टाकून रोज धुरी देऊ लागली. घरघर वाढली तशी धुरीही वाढली. शेवटी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सुई टोचली, ऑक्सिजन लावला, पण उशीर झाला होता. “धुराने श्वासनळ्या आवळल्या,” ते म्हणाले. मस्कतला तार गेली. तार मिळण्याआधीच नवऱ्याने धाडलेली कॅसेट मिरकरवाड्यात घरी पोचली. मैनाने बटण दाबलं. सासू विझलेल्या शेगडीशी बसून होती. नवरा हसत होता, “मैने, पोरगा झोपेतपन शिट्टी वाजवतो गो! पुढच्या कॅसेटीत नुसती शिट्टीच भर.”