दुखायचं थांबलं तेव्हा

किनारा नऊ तास दूर होता. सकाळपासून पोट धरून तळमळणारा खलाशी हिरोजी दुपारी अचानक शांत झाला.

"थांबलं दुखायचं," तो म्हणाला. सगळ्यांना हायसं वाटलं.

बोटीचे तांडेल, म्हणजे कप्तान, धर्माजी मात्र धावत आले. त्यांनी हिरोजीचं पोट चाचपलं. फळीसारखं कडक झालं होतं.

"अपेंडिक्स फुटलंय. बोट फिरवा!"

"जाळं ओढायलाच दोन तास लागतील," एक खलाशी ओरडला.

धर्माजींनी सुरी काढून जाळ्याचे दोर कापले. वाटेत हिरोजी तापाने बरळू लागला. धर्माजी त्याला हाका मारत राहिले.

किनाऱ्यावर पोचताच त्याला इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी ऑपरेशन करून पोटातला पू धुवून काढला. आठव्या दिवशी हिरोजी उठून बसला.

"तांडेल, तुम्हाला कसं कळलं?"

"माझा भाऊ असाच शांत झाला होता. बरं वाटतंय समजून आम्ही त्याला झोपू दिलं."