पिण्याचं पाणी

"पाणी कोणतं पाजता, अम्मा?"

"फिल्टरचं."

डॉक्टर तेलुगू होते. मराठी माणसांशी मराठीच बोलायचे, तुटक पण समजेल असं. त्यांनी मीनूच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडी खाली बसायला वेळ लागला.

विनोदिनीनं ते पाहिलं. माणिकच्या वेळीही असंच पाहिलं होतं.

माणिक, तिचा मोठा. आदिलाबादच्या याच दवाखान्यात, खिडकीजवळच्या याच खाटेवर, जुलाब-उलट्यांनी गेला. मीनू तेव्हा पाळण्यात होती. तेव्हा घरात फिल्टर नव्हता.

"फिल्टरचंच? दुसरं नाही?"

"थेंबसुद्धा नाही."

खोटं नव्हतं. माणिक गेल्यावर तिनं नवऱ्याजवळ एवढी एकच गोष्ट मागितली होती. वीज खात्यात कारकून असलेल्या उद्धवरावांनी नागपूरहून स्टीलचा फिल्टर आणला. तो फ्रिजच्या डोक्यावर बसला. दर रविवारी ती आतल्या पांढऱ्या कॅन्डल काढायची, घासायची, उकळायची. गाळलेलं पाणी बाटल्यांत, बाटल्या फ्रिजमध्ये, मीनूची बाटली वेगळी. लग्नाला जाताना बाटली. इचोड्याला बहिणीकडे जाताना बाटली. बहीण म्हणायची, "आमच्या पाण्यात काय विष कालवलं हाय काय वं?" विनोदिनी हसायची. बाटली सोडायची नाही.

"बर्फाचा गोळा?"

नाही.

"उसाचा रस?"

नाही.

"फिल्टर साफ करता?"

"साफ?" भिंतीला टेकलेले उद्धवराव एकदम बोलले. "डॉक्टरसाहेब, पोरीले घालत नाही तेवढ्या आंघोळी त्या डब्याले घालते ही. आन् शेजारच्या डोमाजीची पोरं हापशाले तोंड लावून पितात. काय झालं त्याइले? खेळून राह्यली तिकडे! कायले आणला मी तो फिल्टर? शोभेले?"

सकाळी रिक्षा दाराशी येईपर्यंत त्यांनी फिल्टर उचलून अंगणात आपटला होता. तोटी मोडली. कॅन्डल फुटल्या. पांढरे तुकडे मातीत पडले, आणि मीनूला खांद्यावर घेऊन विनोदिनी त्या तुकड्यांवरून चालत गेली. तेव्हा तिला वाटलं, खरंच हाडं आहेत ही.

हाडं, हे सासूबाईंचं म्हणणं. कुणीतरी कौशल्याबाईंना सांगितलं होतं, की फिल्टरच्या त्या कॅन्डलमध्ये हाडांची भुकटी घालतात. मग त्यांनी फिल्टरला हात लावला नाही. स्वतः नळाचं प्यायच्या. देवाला मात्र नळाचंही नाही, फिल्टरचं तर नाहीच. देवासाठी त्या सोवळ्यानं, देवळामागच्या जुन्या विहिरीवरून तांब्याची कळशी आणायच्या. विनोदिनीनं ती कळशी स्वयंपाकघरात येऊ दिली नाही. यावरून सासू-सुनेचं एकदाच कडाक्याचं वाजलं, आणि दोघीही जिंकल्या. कळशी देवघरात. फिल्टर फ्रिजवर.

"अम्मा, नीट आठवा." डॉक्टर आता खाटेच्या कडेला बसले. "तुमच्याच गल्लीतली मुलं येत आहेत. देवळामागे विहीर आहे ना जुनी? तिच्यात मोरीचं पाणी उतरतं. त्या विहिरीचं पाणी तर..."

"ते आमी पीत नाही," विनोदिनी म्हणाली.

"ते देवाचं हाय," उद्धवराव म्हणाले.

दोघं जवळजवळ एकदमच बोलले. खूप दिवसांनी त्यांचं कशावर तरी एकमत झालं होतं.

बाहेरून नर्सनं हाक मारली. दुसरं मूल आलं होतं, त्याच गल्लीतलं. डॉक्टर उठले. सलाईनकडे बोट दाखवून म्हणाले, "हे चालू द्या. तोंडानं पाणी नाही. मी सांगेपर्यंत एक घोट नाही."

एक घोट नाही. विनोदिनीनं मान हलवली. मीनूच्या उशाशी ठेवलेली बाटली उचलून तिनं पिशवीत घातली आणि पिशवी खाटेखाली सारली. नजरेला पडली तर पोर मागेल.

मग कौशल्याबाई आल्या. अनवाणी. केस ओले, कपाळाला ताजं गंध. पदराखाली काहीतरी जपून धरलेलं.

"पूजा करून तशीच आली मी. तोंडात घास नाही अजून. काऊन रडून राह्यली वं, विनोदिनी? उठव तिले."

"आई, डॉक्टरनं पाणी द्यायचं नाही म्हटलं हाय," उद्धवराव म्हणाले.

"पाणी कोण देऊन राह्यलं?" त्यांनी पदर बाजूला केला. तांब्याची लोटी. पळी. "तीर्थ हाय."

उद्धवराव ओशाळले. त्यांनी पायांतल्या चपला काढून भिंतीशी सरकवल्या.

"आंघोळ झाली की आधी माझ्याजवळ येते, मग दूध पिते माझी बाई. आज निघायच्या घाईत तेवढं राह्यलं." कौशल्याबाई खाटेच्या कडेला टेकल्या. "माणिकचं नव्हतं चुकू दिलं मी एक दिवस. शेवटच्या सकाळीबी दिलं होतं."

त्या पुटपुटू लागल्या. अकाली मरण टळावं म्हणून तीर्थ देताना म्हणतात, तो श्लोक. पळी भरली. आजीचा आवाज ऐकून मीनूनं डोळे किलकिले केले आणि शिकवल्याप्रमाणे उजवा हात पुढे करायला गेली. हाताला सुई होती. हात उचलला नाही.

विनोदिनीनं तिची मान आपल्या दंडावर घेतली, आणि दोन बोटांनी, अलगद, तिचे ओठ उघडले.