ओलाव्याचा काटा

काटा बहात्तरवर उतरला तसे घड्याळजी उठले, काचेच्या पेटीचं झाकण बोटभर सरकवलं आणि आतल्या शेवाळावर कोमट पाण्याचे चार फवारे मारले. झाकण लावलं. काटा ऐंशीला पोचेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

पेटी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मुलीची. कुठल्याशा बेटावर समुद्रपक्षी मोजायला ती चार महिने गेली होती आणि जाताना आपला शंखातला खेकडा त्यांच्या गळ्यात मारून गेली होती.

"काका, तुमच्याइतकं काटेकोर आहे कोण?" असं म्हणत तिनं घाईघाईत खरडलेला कागद हातात कोंबला. ओलावा ऐंशीच्या आसपास. ऊब सत्तावीस अंश. हवा कोरडी पडली तर जीव गुदमरेल. पाण्याची भांडी दोन, एक गोड्याचं, एक खाऱ्याचं. आणि तळाशी, काही अडलंच तर म्हणून, फोन नंबर.

घड्याळजींनी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं त्याला दोन वर्षं झाली होती, बायको जाऊन तीन. दिवसचे दिवस घरात बोलायचं काम पडत नसे. एकदा पोस्टमननं नाव विचारलं तेव्हा घशातून आवाजच फुटेना; खाकरून खाकरून बिचाऱ्यालाच ओशाळल्यासारखं झालं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सहाला त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर उतरवून घेतला आणि फिरवला.

"अगं मी, खालचे काका. खेकडा मजेत आहे तुझा."

पलीकडे नुसती खरखर.

"खेकडा?"

"विसरलीस की काय एवढ्यात?"

"नाही, नाही. सांगा ना, काका."

आवाज बसलेला होता. समुद्राचा वारा बाधला असणार. त्यातून घड्याळजींचा एक कान कामातून गेलेला, दुसऱ्यावर भागवायचं. त्यांनी ओलावा सांगितला, ऊब सांगितली, गाजराचा तुकडा खाल्ल्याचं सांगितलं. ती सगळं ऐकून घेत होती. फोन ठेवताना म्हणाली, "उद्याही कराल?"

मग रोजचे सहा ठरूनच गेले. पाच मिनिटं उशीर झाला तर तिचाच फोन यायचा. जिन्यात भेटली की "काका, घाईत आहे हं," म्हणत दोन-दोन पायऱ्या गाळणारी मुलगी आता जेवलात का विचारायची, गुडघ्याची चौकशी करायची. लांब गेलं की माणसं मऊ होतात, घड्याळजींनी मनाशी म्हटलं. तू कधी येणार, असं विचारलं की मात्र ती म्हणायची, "बघू, काका. आधी ओलावा सांगा."

अकराव्या आठवड्यात खेकडा दिसेनासा झाला. घड्याळजींनी भिंग लावून पेटीचा कोपरा न् कोपरा पाहिला आणि सहाला तिला सांगितलं.

"वाळूत शिरला असेल," ती म्हणाली. "कात टाकायला जातात ते. मी वाचलं. काही झालं तरी उकरू नका."

"किती दिवस?"

"महिनाही लागतो. कधी दोन."

"आणि आतल्या आत मेला असला तर?"

"तरी उकरायचं नाही. वाट बघायची."

मग घड्याळजी रोज रिकाम्या वाळूवर पहारा करू लागले. एका दुपारी कडाक्याच्या थंडीत वीज गेली. पेटीच्या बाजूची गरम पट्टी विझली आणि पारा घसरायला लागला. सव्वीस. चोविसावर आल्यावर त्यांनी वेळ न बघता फोन लावला.

"घाबरू नका. घरात काय आहे?"

"माझी रजई आहे."

"गुंडाळा. बाटल्यांत गरम पाणी भरा, फडकी बांधा, काचेला टेकवून ठेवा. फोन ठेवू नका हं. मी आहे."

अडीच तास ती फोनवर होती. घड्याळजी कोट घालून कुडकुडत पाणी तापवत राहिले. मधल्या वेळात त्यांनी तिला बायकोबद्दल सांगितलं, जे कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. शेवटच्या दिवशी बायको हाक मारत होती आणि ते चांगला कान उशीत दाबून झोपले होते. पलीकडून हुंदका ऐकू आला. वीज आली तेव्हा दोघंही एकदम हसले.

खेकडा वाळूत गेल्याच्या अडतिसाव्या दिवशी वाळू हलली. खेकडा वर आला, नवा कोरा, लालबुंद. घड्याळजींनी फोनवर अक्षरशः ओरडून सांगितलं.

त्यानंतर आठवड्यानं, भर दुपारी, मुलगी दारात उभी राहिली. रापलेली, पाठीवर भलीमोठी पिशवी.

"काका! आहे ना जिवंत?"

"अगं, कालच तर बोललो. कात टाकून आलाय म्हटलं ना?"

"कुणाला म्हटलंत?" ती पेटीत वाकून बघत होती. "नंबर दिला होता खरा, पण बेटावर फोन कुठला लागायला! चार महिने पक्षी सोडून कुणाचा आवाज ऐकला नाही मी."

घड्याळजींनी कॅलेंडरकडे बोट दाखवलं. तिनं नंबर वाचला आणि खळखळून हसली.

"शेवटी नऊ आहे, काका. एक नाही. माझं अक्षरच तसलं." तिनं पेटी उचलली. "तुमचे उपकार कसे फेडू!" आणि जिना चढून गेली.

सहाला फोन वाजला. घड्याळजींनी पाच वेळा वाजू दिला. मग उचलला.

"काका? आज विसरलात?" बसलेला आवाज, जरासा घाबरलेला. "ओलावा किती आहे?"

घड्याळजींनी रिकाम्या टेबलाकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि चांगला कान फोनला लावला.

"ऐंशी," ते म्हणाले. "जेवलीस का तू?"