मागे बघू नकोस

तेकलेआब टेबलापाशी आला तसे त्याच्या सायकल क्लबमधले चौघंही गप्प झाले.

मेंदेफेरा गावच्या मोठ्या रस्त्यावरचं ते कॉफीहाउस रविवारी सकाळी सायकलवाल्यांनी भरून जायचं. एकच खुर्ची रिकामी होती. तेकलेआबनं ती ओढली, तोच कप्तान मुसिएनं तिच्यावर पाय ठेवला.

"ही जागा आपल्या माणसांसाठी आहे."

"मग मी कोण?"

"तू पाणक्या. तेही धड जमत नाही तुला." मुसिए एवढ्या मोठ्यानं बोलला, की कॉफी ओतणाऱ्या बाईचा हात थांबला. "केरेनच्या चढावर माझं चाक पंक्चर झालं तेव्हा कुठं होतास रे? तुझ्यापायी शर्यत गेली. कळू दे सगळ्या गावाला!"

केरेनच्या चढावर तेकलेआब बाटल्या आणायला मागच्या गाडीकडं गेला होता. मुसिएनंच पाठवलं होतं. हे त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण शेजारच्या टेबलावरची दुसऱ्या क्लबची पोरं टक लावून बघत होती. तो कॉफी न घेताच बाहेर पडला.

मुसिए आणि तो एकाच गल्लीत वाढलेले. एकाच मोडक्या सायकलीवर आळीपाळीनं शिकलेले. हंगाम सुरू झाला तेव्हाही सगळं नेहमीसारखंच होतं. सरावाला दोघं बरोबरीनं चढ चढत असताना मुसिएनं सहज विचारलं होतं, "बाहेरच्या देशात शर्यती मारायला मिळाल्या, तर येशील?"

"आणि आईला कुशीवर कोण वळवणार? तू?"

दोघंही हसले होते. मग मुसिए एकदम जोर लावून माथ्यापर्यंत पुढं निघून गेला होता.

आईनं अंथरूण धरल्याला बराच काळ झाला होता. घरात मायलेक दोघंच. मुसिए दर रविवारी जेवायला यायचा, तिच्या उशाशी बसून गावातल्या गमती सांगायचा. तिच्या हातून भाकरीचा तुकडा खायचा. केरेननंतर तो आला नाही.

"मुसिए कुठाय रे?" आई विचारायची.

"कामात आहे गं."

"माझ्यावर रागावला का?"

"तुझ्यावर कोण रागावणार?"

सरावाच्या जागी तेकलेआब पोहोचायचा तेव्हा चौघं आधीच निघून गेलेले असायचे. तो एकटाच अस्माराच्या रस्त्याला लागायचा आणि एकटाच परतायचा. देकेमहारेच्या शर्यतीला उतरायच्या जागी चौघांनी एक खोली घेतली, त्याची गादी बाहेर व्हरांड्यात टाकली. आतून हसण्याचे आवाज येत होते. मग एकदम कुजबूज. तो कूस बदलायचा तेव्हा कुजबूजही थांबायची.

शर्यतीत मात्र तो आपलं काम करत राहिला. बाटल्या आणायच्या, वारा अंगावर घ्यायचा, शेवटी बाजूला व्हायचं.

"अरे, सोडून का देत नाहीस?" एकदा दुसऱ्या क्लबच्या एकानं विचारलं. "कुत्र्यासारखं वागवतात तुला. आम्हाला बघवत नाही."

"हंगाम संपू दे," तेकलेआब म्हणाला.

हंगामातली शेवटची शर्यत तेसेनेला होती, पश्चिमेच्या सखल मुलखात. सरळ रस्ता, भाजून काढणारं ऊन. सुदानच्या हद्दीजवळच्या गोलुजपर्यंत जायचं आणि वळून परत यायचं. बसमध्ये तो क्लबच्या म्हाताऱ्या सायकल-मिस्त्रीजवळ, अबॉय सिराकजवळ बसला. म्हातारा सगळी वाट खिडकीबाहेर बघत होता.

सकाळी शर्यत सुटायच्या आधी मुसिए त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच.

"आज तू सुटायचंस," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"मी?"

"गोलुजला वळलास की पळ काढ. मागच्यांना आम्ही थोपवतो."

"आज काय एवढं?"

मुसिएनं त्याच्या सदऱ्याची दुमडलेली कॉलर सरळ केली. "मागे बघू नकोस. काही झालं तरी."

वळण आलं आणि तेकलेआब सुटला. समोर कुणाचीच पाठ नव्हती. असा मोकळा रस्ता त्यानं शर्यतीत कधी बघितला नव्हता. नुसता रस्ता, दोन्हीकडं बाभळी आणि तापलेला वारा. पाय भरून आले, घसा सुकला, तरी त्यानं मान वळवली नाही.

तेसेनेत शिरल्यावर बायकांचे आनंदाचे चीत्कार ऐकू आले. त्यानं दोन्ही हात वर करून रेषा ओलांडली. त्याच्यावर मूठमूठ लाह्या उधळल्या गेल्या. आयुष्यातली पहिली जीत. तो हसत होता की रडत होता, त्याचं त्यालाच कळेना.

मग तो मित्रांची वाट बघू लागला. मुसिए येईल, खांद्यावर हात टाकेल. काही विचारायचं नाही, असं त्यानं ठरवलं. झालं गेलं सगळं विसरायचं. रविवारी त्याला घरी जेवायला न्यायचं.

दुसऱ्या क्लबची पोरं आली. रेंगाळलेली आली. शेवटच्यांना उचलून आणणारी गाडी आली, तीही रिकामी.

नंतर एक जीप धुरळा उडवत आली. मागच्या बाजूला मेंदेफेरा क्लबच्या चार सायकली होत्या. काळा चष्मा घातलेला एक माणूस उतरला, सरळ तेकलेआबपाशी आला आणि त्यानं त्याचा दंड धरला. केसांतल्या लाह्या गळून पडल्या.

"सायकली बाभळीखाली नीट टेकवून ठेवल्यात. चौघंही चोरून हद्द ओलांडून सुदानात गेले. तुला ठाऊक होतं! बोल!"

तेकलेआब जीपमधल्या सायकली मोजू लागला.

"ह्याला?" अबॉय सिराक गर्दीतून पुढं आला. त्याचे हात ग्रीसनं काळे झाले होते, आवाज मात्र खणखणीत होता. "ह्याला कोण सांगणार, साहेब? केरेनपासून त्या चौघांनी ह्याला जवळ उभं केलं नाही. कुणालाही विचारा."

काळ्या चष्म्यानं इतर क्लबांच्या पोरांकडं मान वळवली.

"खरंय साहेब," एक जण म्हणाला. "आमच्या डोळ्यांदेखत खुर्चीवरून हाकललं ह्याला."

"व्हरांड्यात झोपवायचे."

"कुत्र्यासारखं वागवलं, साहेब. सगळ्यांनी बघितलंय."

दंडावरची पकड सैल झाली.

"सोडा ह्याला," काळा चष्मा जीपमधल्या शिपायांना म्हणाला. "घरी जाऊ दे."