खालच्या कोर्टाचा पत्ता

अर्जाला चौदा पानं होती, पाच शिक्के आणि टाचून ठेवलेली एक चिठ्ठी. पहिला शिक्का इथल्या, वरच्या कोर्टातल्या कारकुनाचा: ‘या न्यायालयात अपील प्रलंबित नाही. अधिकारक्षेत्राअभावी परत.’ दुसरा, तिसरा आणि चौथा खालच्या कोर्टाचे. चौथ्यात लिहिलं होतं: ‘अपील वरिष्ठ न्यायालयात प्रलंबित. अधिकारक्षेत्राअभावी परत.’ पहिल्या आणि चौथ्या शिक्क्यांमध्ये एकोणीस दिवस गेले होते. पाचवा आज सकाळचा, अर्ज दाखल करून घेतल्याचा.

अर्ज हेबियस कॉर्पसचा, म्हणजे बेकायदा डांबून ठेवलेल्या माणसाला सोडवण्याचा होता. अर्ज करणाऱ्या बाईंच्या भावाची शिक्षा भोगून संपली होती, तरी तुरुंग त्याला सोडत नव्हता. खटला चालू असताना त्याने आत काढलेले महिने कुणी शिक्षेत धरलेच नव्हते. ज्या कोर्टात अपील, त्याच कोर्टात असा अर्ज चालतो. न्यायाधीशांनी तो पावणेबाराला ऐकला आणि अकरा मिनिटांत निकाल दिला: आजच्या आज सोडा. अर्ज आधी परत का पाठवला, याचा लेखी खुलासा त्यांनी कारकुनाकडून संध्याकाळपर्यंत मागितला.

निकालाची प्रत घ्यायला बाई कारकुनाच्या खिडकीशी आल्या. प्रत मिळाली तरी हलल्या नाहीत.

“साहेब, तुमचे आभार मानायचे होते.”

“माझे कशाला?”

“त्या दिवशी तुम्ही चिठ्ठीवर खालच्या कोर्टाचा पत्ता लिहून दिलात ना. कुठली बस, कितवा मजला, कोणती खिडकी, सगळं. इतकं नीट कुणी सांगत नाही हो. मी आईला म्हटलं, सरकारी आहे, पण माणूस आहे.”

मागच्या टेबलावर हेडक्लार्क खुदकन हसले. कारकुनाचे कान तापले.

“भाऊ बरे आहेत ना?”

“बरा म्हणायचा. दर भेटीत एकच, ताई, अजून किती दिवस? मी म्हटलं, थांब रे बाबा, आधी कोर्ट तर सापडू दे.” त्या हसल्या. “पण मला एक कळलं नाही. तुम्ही म्हणालात अपील इथे नाही, खालचे म्हणाले इथेच आहे. होतं तरी कुठे?”

ते उशिरा आलं, असं सांगता आलं असतं. कारकुनाने खांद्यावरून मागच्या लोखंडी कपाटाकडे बोट दाखवलं.

“इथे.”

बाईंनी कपाटाकडे पाहिलं. मग त्याच्या खुर्चीकडे.

“याच खोलीत?”

“हो.”

“तेव्हाही?”

“तेव्हाही. मी उघडून पाहिलं नाही.”

त्यांनी प्रतीची घडी घातली, पर्समध्ये ठेवली, चेन लावली. ‘येते’ न म्हणताच त्या वळल्या.

“असा चेहरा पाडून बसू नकोस,” हेडक्लार्क म्हणाले. “तीस तारीख होती ती. महिनाअखेरीला पडून राहिलेल्या अर्जांची शिल्लक वाढू नये म्हणून तीस तारखेचा अर्ज आपण सगळेच खालच्या कोर्टात ढकलतो. मीही ढकललेत. तू काय जगावेगळं केलंस?”

“खुलाशात हे लिहू?”

“वेडा की काय! फाईल दुसऱ्या विभागात गेली होती, असं लिही. मी खाली सही करतो.”

“गेली नव्हती.”

“अरे, बघायला कोण येतंय?”

कारकुनाने कागद घेतला. तारीख घातली. ‘सदर फाईल दुसऱ्या विभागात’ इथपर्यंत लिहून पेन थांबलं. पंखा फिरत होता. कागद उडू नये म्हणून त्याने त्यावर तळहात दाबून धरला होता, आणि हात उचलला तेव्हा शाई फिसकटलेली होती.

तो उठला. टपालाच्या टेबलावर पार्सलं मोजायची टेप होती, ती घेऊन आला. तिचं एक टोक खुर्चीच्या पाठीला अडकवलं, टेप कपाटाच्या दारापर्यंत ओढली आणि वाकून आकडा वाचला.

“आता हे काय नवीन?” हेडक्लार्क म्हणाले.

कारकुनाने टेप गुंडाळून ठेवली. नवा कागद घेतला आणि एकच वाक्य लिहिलं.

‘अर्ज परत पाठवला त्या दिवशी अपिलाची फाईल माझ्या खुर्चीपासून एक मीटर पासष्ट सेंटिमीटरवर होती.’