थरथर

“ओरडतोय तोवर माणूस ठीक असतो. गप्प झालेल्याकडे आधी बघायचं,” असं मास्तरांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मास्तर म्हणजे बचाव पथकाचे म्होरके. शाळेतून निवृत्त झाले, पण शिकवायची खोड गेली नव्हती. तिनं ते हसण्यावारी नेलं. “मास्तर, माझ्या घरी दोन वर्षांचं कार्टं आहे. गप्प बसलं की काहीतरी फोडलेलं असतं. हे मला नका शिकवू.”

आज भरदुपारी, धुक्यात, कड्याखालच्या घसरणीवर ओरडणारी मुलगी तिच्यासमोर होती. नडगी मोडलेली, सकाळपासून बारीक पाऊस अंगावर घेत पडलेली. दात कडकड वाजत होते आणि त्यातूनही तोंडाचा पट्टा चालू होता. शेजारी तिचे बाबा उकिडवे बसले होते.

“आधी खालून,” ती मास्तरांना म्हणाली. वरून दहा पांघरुणं घाला, खालची जमीन ऊब पिऊन टाकते. मास्तरांनी पाय धरला, तिनं मुलीला अलगद कुशीवर कलतं करून फोमची चटई सरकवली. मग कात्री चालवली. ओलं जॅकेट, ओली पँट.

“अहो, नवी आहे!” मुलगी किंचाळली.

“पाय वाचला की पँटही घेऊ,” मास्तर म्हणाले.

पायाला फळ्या बांधून मुलीला स्लीपिंग बॅगेत घातलं. स्ट्रेचर घेऊन येणाऱ्यांना अजून दीड तास लागणार होता.

“काका, तुम्ही ठीक ना?”

“मला काय धाड भरलीय? मघाशी वाजत होती थंडी. आता गेली.” तोंडात घास ठेवून बोलावं तसे शब्द आले.

ती कापलेल्या जॅकेटची घडी घालायला गेली आणि थांबली. जॅकेट पुरुषी मापाचं होतं. मुलीच्या डोक्यावरची टोपीही. हातांवर चढवलेले मोजेसुद्धा.

मागे अगदी शांत होतं. स्वयंपाकघरातून पोराचा आवाज अचानक बंद व्हावा तसं. तिनं वळून पाहिलं. बाबा थर्मासचं झाकण फिरवत होते. बोटं नुसती त्यावरून घसरत होती. ती उठली आणि तापलेल्या पोराला बघतात तसा त्यांच्या शर्टाच्या आत, मानेमागे हात घातला. फरशीसारखी गार. आणि अंगात थरथर नावालाही नाही; थरथरायचं बळही संपलेलं.

“मास्तर, दुसरा जखमी इथे आहे.”

“मी चालतो की, उतरतो खाली...”

“अजिबात उठायचं नाही. आडवे व्हा.”

“बॅग एकच आहे,” मास्तर हळूच म्हणाले.

“चेन पूर्ण उघडते. गोधडी करायची तिची. चटई द्या तुमची.”

मास्तरांनी निमूट चटई दिली. बाबांचा ओला शर्ट कापला, तिचा कोरडा स्वेटर त्यांच्या अंगात गेला. बाप-लेक शेजारी शेजारी, वर एकच पांघरूण, त्याभोवती प्लॅस्टिकचं कापड. थर्मासमधलं गरम पाणी दोन बाटल्यांत ओतलं, बाटल्या मोज्यांत गुंडाळून बाबांच्या काखेत ठेवल्या. मुलगी रडवेली होऊन त्यांचे हात चोळायला लागली.

“चोळू नकोस. बोलत राहा.”

“काय बोलू?”

“भांड. मघाशी छान भांडत होतीस.”

मुलीनं मान वळवली. “बाबा, वाट पाठ आहे म्हणाला होतात ना? कसली पाठ? बोला ना आता!”

बाबा बोलले नाहीत. ती त्यांच्या मानेखाली हात घालून बसून राहिली. हाताला मुंग्या आल्या. स्वेटर नसलेल्या तिला वारा झोंबत होता. मास्तरांनी स्वतःचा कोट तिच्या पाठीवर टाकला. मुलगी भांडत राहिली, आवाज बसेपर्यंत.

मग बाबांचा जबडा जरासा हलला. एकदा. पुन्हा एकदा. आणि सबंध अंग उडायला लागलं.

“बाबा थरथरताहेत! काहीतरी करा!”

“थरथरू दे,” ती म्हणाली, आणि तिला हसूच फुटलं. “मास्तर, ऐका, दात वाजताहेत!”

तुमच्याही घरात असेल असं कोणी, सगळ्यांना पांघरूण घालून ‘मला नाही हो थंडी वाजत’ म्हणणारं. आज जरा गप्प आहे का, बघून या.