रहमतभाईंची शेवटची शंका

रहमतभाई तिसऱ्यांदा नापास झाले तेव्हा पद्मजा मॅडमनी कपाळाला हातच लावला.

"अहो, शंभरातले नऊ? एवढं तर डोळे मिटून खुणा केल्या तरी मिळतात!"

उमरखेडच्या त्या व्यवसाय शिक्षण महाविद्यालयात मोठ्या माणसांसाठी उद्योजकतेचा वर्ग होता. पडद्यावर व्हिडिओ, मग प्रश्न, आणि खाली शंकेची चौकट. तीत लिहिलं की नागपूरच्या केंद्रातून कुणीतरी उत्तर देई. नाव नाही, नुसतं 'मार्गदर्शक'. पास झालं की लॉगिन बंद. तीनदा नापास झालं तरी बंदच.

रहमतभाई गाद्या-रजया भरणारे, पन्नाशी उलटलेले. शिलाईचा कोर्स सोपा होता. पण गडी हटून बसला होता, "मले हाच पाहिजे, नागपूरवाला."

येताना रोज धुतलेला कुर्ता आणि वरून अत्तर.

"कॉम्प्युटरसमोर बसायले अत्तर कायले, भाई?" मॅडम चिडवत.

"आदत आहे जी."

व्हिडिओ ते बघतच नसत. एका बोटानं शंका लिहीत बसत, आणि शंकाही एकच, फिरवून फिरवून. जुनं गिऱ्हाईक तुटलं, परत कसं आणू?

"दुकान वेळेवर उघडा," उत्तर येई. कधी, "गिऱ्हाइकाचं म्हणणं आधी ऐकून घ्या." ते वाचताना त्यांचे डोळे भरून येत. मॅडमना वाटे, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

"असं काय बोलला होता तुम्ही त्याले?" एकदा त्यांनी विचारलं.

"म्हने, रजया मोबाइलवर विका. मी म्हटलं, मले अक्कल शिकवू नको, निघ माझ्या दुकानातून. गेलं. चार वर्सं झाली."

"मग दुसरं गिऱ्हाईक पाहा की!"

"दुसरं नाही न मॅडम. एकच होतं."

काय बाई माणूस, मॅडम मनात म्हणाल्या.

आता तिसरा निकाल लागला होता. "पाच वाजता लॉगिन बंद होईल, भाई. काय विचारायचं ते विचारून घ्या."

रहमतभाई कीबोर्डकडे वळले. आज त्यांनी प्रश्न विचारलाच नाही. लिहिलं, "चूक माझी होती. गल्ल्याजवळची खुर्ची रोज पुसून ठेवतो. तिच्यावर कोणाले बसू देत नाही."

पावणेपाच झाले. मॅडमनी बाकीचे कॉम्प्युटर बंद केले, खिडक्या लावल्या. एरवी दोन मिनिटांत येणारं उत्तर येईना.

"चला भाई. राहू द्या आता."

"दोन मिनिटं. हात जोडतो."

पाचला एक मिनिट कमी असताना चौकट उजळली. रहमतभाईंना काही दिसेना, डोळे वाहत होते.

"वाचा न, मॅडम."

मॅडम वाकल्या आणि वाचू लागल्या.

"अब्बा, नागपूरहून उमरखेडची सकाळची गाडी अजून सहालाच सुटते का?"